मुदत संपली, तरी घर सोडत नाहीत : कुलूप बदलू नका, अर्ज करा

प्रश्न : वारज्याला आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. यजमानांनी तो अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर एका कुटुंबाला दिला होता. करार ऑनलाइन नोंदवलेला आहे. भाडे महिना 18,000, डिपॉझिट 60,000. जानेवारीत यजमान गेले. 30 एप्रिलला कराराची मुदत संपली, पण ते लोक जायला तयार नाहीत. आधी मुलाच्या शाळेचे कारण होते, आता दिवाळीनंतर बघू म्हणतात. मे आणि जूनचे भाडे त्यांनी माझ्या खात्यात टाकले, जुलैचे मी नको म्हणून सांगितले. मधल्या काळात त्यांचा भाऊही बायकोमुलांसह तिथे राहायला आला आहे. पुतण्या म्हणतो, ते गावी गेले की कुलूप बदलू. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, पाणी तोडू. शेजारी सांगतात, कोर्टात गेलात तर वीस वर्षे लागतील आणि बारा वर्षे राहिला तर तोच मालक होईल. मुलगा जर्मनीत, मुलगी नाशिकला. माझे वय 68. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, सर्वांत आधी मनातली भीती काढून टाका. तुमच्याकडे नोंदणीकृत करार आहे, त्याची मुदत संपली आहे आणि घर राहण्यासाठी दिलेले होते. या तीन गोष्टी एकत्र असल्या की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मालकाच्या बाजूने जितका ठामपणे उभा राहतो तितका क्वचितच कोणासाठी राहतो. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. लोकांना तो भाडेकरूंचा कायदा म्हणून माहीत असतो. त्यातले कलम 24 मात्र तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

कलम 24 सांगते की राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपताच मालकाला परत द्यायची. दिली नाही तर मालकाने दिवाणी कोर्टात दावा लावत बसायचे नाही, थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. तिथे मुख्य प्रश्न एकच असतो : लायसन्सची मुदत संपली आहे का? ती संपल्याची खात्री पटली की प्राधिकाऱ्याने जागा खाली करण्याचा आदेश द्यायचा आहे. तुम्हाला घराची गरज का आहे, ते मुलासाठी हवे आहे की विकायचे आहे, हे सिद्ध करावे लागत नाही. शेजारी ज्या वीस वर्षांबद्दल बोलतात ती जुन्या पागडीच्या वाड्यांतली आणि भाडेपट्ट्यांची प्रकरणे आहेत. तो रस्ता वेगळा.

बारा वर्षांची गोष्टही इथे लागू नाही. प्रतिकूल ताब्याने हक्क मिळवायचा तर ताबा मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारणारा असावा लागतो. लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर घर घेणारा, मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो, आणि परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षे चालला तरी नुसत्या काळाने मालकी होत नाही. म्हणून दिवस ढकलत राहावे असा मात्र अर्थ घेऊ नका. उशिराने मालकी जात नाही, पण पुरावा पातळ होतो.

आता पुतण्याच्या आणि चेअरमनसाहेबांच्या सल्ल्याबद्दल. दोघांची कळकळ समजते, पण दोन्ही सल्ले तुमचे उभे प्रकरण आडवे करतील. कुलूप बदलले तर समोरचा माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हे फारसे पाहत नाहीत, कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढला का एवढेच पाहतात. वर सामान चोरीला गेल्याची, धमकावल्याची तक्रार होते आणि पोलीस ठाण्यात तुमचीच चौकशी सुरू होते. पाणी-वीज तोडण्याचे तसेच. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 29 मालकाने अत्यावश्यक सेवा तोडण्याविरुद्ध आहे आणि तसे करणे गुन्हा आहे. तो माणूस लगेच स्वतःला ‘भाडेकरू’ म्हणवून त्या कलमाच्या आडोशाला उभा राहील. आज तो मुदत संपलेला लायसन्सी आहे. त्याला भाडेकरू म्हणवून घ्यायची संधी आपण का द्यायची? चेअरमनना सांगा की पाण्याला हात लावू नका. त्याऐवजी भाऊ कधीपासून राहतो, गाड्या किती येतात, गेटच्या नोंदवहीत काय आहे, याचे सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. त्याचा उपयोग जास्त होईल.

मे आणि जूनचे पैसे हा तुमच्या प्रकरणातला एकच हळवा भाग आहे. मुदत संपल्यावर मालकाने निमूट भाडे घेतले की समोरचा हमखास म्हणतो, ‘तोंडी मुदतवाढ झाली होती.’ नोंदणीकृत करार हातात असल्याने हा बचाव टिकणे कठीण, पण त्याला वाव ठेवायचे कारण नाही. या आठवड्यातच एक नोटीस पाठवा. कायद्याने ती बंधनकारक नाही, मुदत संपली की लायसन्स आपोआप संपते. तरीही पाठवा, कारण तुमची भूमिका कोणत्या तारखेपासून काय होती याचा कागद त्यातून तयार होतो. मजकूर साधाच असावा :

‘करार दस्त क्रमांक अमुकची मुदत 30 एप्रिल रोजी संपली आहे. त्यानंतर मुदतवाढ दिलेली नाही, तोंडीही नाही. मे व जून महिन्यांत आपण खात्यात भरलेली रक्कम भाडे म्हणून स्वीकारलेली नसून अनधिकृत वापराच्या भरपाईपोटी, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून, जमा धरली आहे. करारात नाव नसलेल्या व्यक्तींना ठेवण्यास आमची संमती नाही. पंधरा दिवसांत रिकामा ताबा द्यावा, अन्यथा कलम 24 नुसार अर्ज केला जाईल व दुप्पट दराने भरपाई मागितली जाईल.’

ही नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने दोन पत्त्यांवर पाठवा : फ्लॅटच्या आणि करारात लिहिलेल्या त्यांच्या कायमच्या पत्त्यावर. तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका आणि निळ्या खुणांसह स्क्रीनशॉट ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते फोडू नका, तसेच बंद वकिलांकडे द्या. यापुढे त्यांनी न विचारता पैसे टाकले तर त्याच दिवशी एक ओळीचा संदेश पाठवा : ‘रक्कम भरपाईपोटी जमा, हक्क अबाधित.’ ‘मिळाले, थँक्यू’ असे लिहू नका. आपल्याकडे भिडेपोटी असे लिहिले जाते आणि तोच संदेश पुढे कागदपत्रांच्या गठ्ठ्यात दिसतो.

दुप्पट भरपाई ही पोकळ धमकी नाही. कलम 24 च्या पोटकलम 2 नुसार मुदतीनंतर ताबा न देणारा लायसन्सी कराराच्या दराच्या दुप्पट रक्कम देणे लागतो, अगदी ताबा काढून घेईपर्यंत. तुमच्या बाबतीत महिना 36,000. मे, जून, जुलै मिळून 1,08,000. त्यातून मिळालेले 36,000 वजा केले तर जुलैअखेर 72,000 बाकी राहतात. म्हणजे 60,000 चे डिपॉझिट आजच कमी पडते. हा हिशेब नोटिशीसोबत जोडा. अनेक प्रकरणे या एका कागदानंतर मिटतात, कारण समोरच्याने तोवर असा हिशेब मांडलेलाच नसतो. डिपॉझिट मात्र ताबा मिळेपर्यंत परतही करू नका आणि ‘भाड्यात वळते करून घ्या’ या विनंतीला होही म्हणू नका.

करार यजमानांच्या नावावर होता, म्हणून तुम्ही अडलात का? नाही. याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘मालक’ या शब्दात मृत मालकाचा वारस येतो. अर्ज तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांच्या नावाने करणे उत्तम. एकटा सहमालकही ताबा मागू शकतो, पण ‘बाकीच्या वारसांची संमती कुठे आहे’ ही हरकत येण्याआधीच तिचे दार बंद करावे. सोसायटीत तुमचे नॉमिनी म्हणून नाव असेल तर ते कागद जोडा, मात्र नॉमिनेशनने एकटीची मालकी होते असे धरून चालू नका. मुलगी नाशिकहून सहीसाठी येऊ शकेल. मुलाने जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत किंवा वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून मूळ प्रत पाठवावी. ती भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. हे राहून जाते, आणि सुनावणीच्या दिवशी कुलमुखत्यारपत्र बाजूला पडते. मुखत्यारपत्रात ‘भाडे नियंत्रण कायद्याखाली अर्ज करणे, प्रतिज्ञापत्र देणे, वकील नेमणे, ताबा घेणे’ असे शब्द स्पष्ट लिहून घ्या. ‘सर्व व्यवहार पाहणे’ एवढे मोघम ठेवू नका.

कागद गोळा करताना क्रम असा ठेवा. मूळ नोंदणीकृत करार आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). करार सापडत नसेल तर नोंदणी विभागाकडून प्रमाणित प्रत मिळते, दस्त क्रमांक आणि वर्ष हवे. मालकीसाठी फ्लॅटखरेदीचा करार व त्याचा इंडेक्स टू, सोसायटीचे भागपत्र, महापालिकेच्या मिळकतकराचे आणि महावितरणचे अलीकडचे बिल. मृत्यूचा दाखला. बँकेचा उतारा, ज्यात भाड्याच्या नोंदी आणि मे-जूनच्या रकमा अधोरेखित केलेल्या असाव्यात. नोटीस, पोचपावत्या, स्क्रीनशॉट. सोसायटीचे पत्र. एवढे झाले की वकील निवडा. या कामासाठी पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढे नियमित उभा राहणारा वकील हवा. दिवाणी कोर्टात नाव असलेला पण इथली कार्यपद्धती न वापरलेला वकील कधी कधी साधे प्रकरण लांबवतो.

अर्ज दाखल झाल्यावर ठरावीक नमुन्यात समन्स निघते. ते बजावल्यापासून तीस दिवसांत लायसन्सीने प्रतिज्ञापत्र देऊन प्रकरण लढवण्याची परवानगी मागायची असते. लढणे हा त्याचा आपोआप मिळणारा हक्क नाही, परवानगी मिळवावी लागते. कलम 43 चा सगळा जोर इथेच आहे. तीस दिवसांत त्याने काही केले नाही तर तुमच्या अर्जातले म्हणणे मान्य धरले जाते आणि आदेश होतो. प्रतिज्ञापत्रातून ताबा नाकारता येईल असे काही दिसले तरच परवानगी मिळते, आणि मग प्रकरण शक्यतो रोजच्या रोज चालवून सहा महिन्यांत निकाली काढावे असे कायदा म्हणतो.

प्रत्यक्षात वेळ जातो तो समन्स बजावण्यात. बेलिफ दुपारी येतो, दार बंद असते, तो शेरा मारून जातो. म्हणून अर्जात फ्लॅटचा पत्ता, कायमचा पत्ता आणि नोकरीच्या ठिकाणचा पत्ता असे तिन्ही द्या. घरात माणसे कधी असतात ते सोसायटीच्या वॉचमनकडून विचारून बेलिफाला आधी कळवा. शक्य असेल तर पुतण्याला बेलिफाबरोबर पाठवा. कुलूप बदलण्यापेक्षा त्याची ही मदत फार मोलाची ठरेल. दुसरी अडचण तुमच्याच अर्जातून येते : विंगचे अक्षर चुकलेले, फ्लॅट क्रमांक करारात एक आणि वीजबिलात दुसरा, सर्व्हे नंबर अर्धवट. आदेश निघाल्यावर ताबा घेताना ही चूक नडते. वकिलांनी मसुदा दिला की वर्णनाचा परिच्छेद खरेदीखताशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

बचाव काय येतील याचा अंदाज असू द्या. ‘आम्ही खरे तर भाडेकरू आहोत, लायसन्स नावापुरते होते’ : लेखी लायसन्स करारात लिहिलेल्या गोष्टींचा तो करार निर्णायक पुरावा मानला जातो, हे कलम 24 च्या स्पष्टीकरणातच आहे. ‘यजमानांनी फ्लॅट आम्हाला विकायचे ठरवले होते, टोकन दिले आहे’ : नुसत्या तोंडी बोलण्याला किंमत नाही. मात्र यजमानांच्या कागदांत अशी एखादी पावती किंवा विसारपावती नाही ना, हे आजच पाहून घ्या, आणि तडजोडीच्या बोलण्यात कोणत्याही कोऱ्या किंवा अर्ध्या लिहिलेल्या कागदावर सही करू नका. भावाचे काय, तर करारात ज्याचे नाव नाही त्याचा कोणताही दावा प्राधिकाऱ्याने ऐकायचा नाही असे कलम 24 चे पोटकलम 3 म्हणते. तो लायसन्सीच्या आधाराने आत आला, लायसन्सीबरोबर बाहेर जाईल. तो राहतो आहे हे हद्दीतल्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या. पोलीस घर रिकामे करून देणार नाहीत, ते त्यांचे काम नव्हे. पण तुमची संमती नव्हती याची तारखेसह नोंद होते.

आदेशाविरुद्ध अपील नाही. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरिष्ठांनी तपासून पाहावा असा अर्ज, करता येतो, पुण्यात तो विभागीय आयुक्तालयातील अतिरिक्त आयुक्तांपुढे चालतो, आणि त्यानंतर उच्च न्यायालय. आदेश हाती येताच वकिलांना दोन्हीकडे कॅव्हेट (आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाकायला सांगा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळवणे अवघड होते. आदेश अंतिम झाल्यावर तीस दिवसांत जागा सोडली नाही तर प्राधिकारी आवश्यक ते बळ वापरून ताबा काढून देऊ शकतात. त्या दिवशी पंचनामा, सामानाची यादी आणि व्हिडिओ हवाच. राहिलेले सामान त्यांच्या सहीने सुपूर्द करा.

मधेच त्यांनी ‘आम्ही जातो’ म्हटले तर आनंदच आहे, पण तारीख लिहून घ्या. अर्ज दाखल झालेला असेल तर प्राधिकाऱ्यापुढे लेखी तडजोड नोंदवा, बाहेरच्या बाहेर अर्ज मागे घेऊ नका. काही भरपाई सोडावी लागली तर आमच्या मते सोडावी. चार महिने आधी मिळालेला ताबा त्या रकमेपेक्षा जास्त मोलाचा असतो. किल्ल्या घेताना वीजमीटर आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे, सोसायटीची थकबाकी, भिंती-नळ-पंख्यांची स्थिती लिहून दोघांच्या सहीची ताबापावती करा आणि त्यानंतरच उरलेले डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको.

ज्या वाचकांचा करार नोंदवलेला नाही, नुसता स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला आहे, त्यांनी वरचे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू समजू नये. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल समोरच्याचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा गैरसमज पुण्यात अजून घरोघर आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलेल्यांसाठीही कलम 24 नाही, ते फक्त राहण्याच्या जागेला लागते. त्यांना पुण्याच्या लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागेल.

ताई, घर मोकळे झाल्यावर पुन्हा भाड्याने द्यायचे ठरवलेत तर खर्चाला घाबरून नोंदणी टाळू नका. लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. 18,000 प्रमाणे अकरा महिन्यांचे 1,98,000, अधिक 60,000 डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेले अकरा महिन्यांचे व्याज 5,500, मिळून 2,03,500. त्यावर शुल्क येते सुमारे 509 रुपये. पोर्टल जो आकडा दाखवेल तो भरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, दस्त हाताळणीचा खर्च वेगळा. करारात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव घ्या, कायमचा आणि नोकरीचा पत्ता लिहा. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरण करायचे की नाही ते लेखी कळवा. नूतनीकरण करायचे तर जुनी मुदत संपण्याआधी नवा करार नोंदवा, एक दिवसही मोकळा ठेवू नका. पुणे पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा. सोसायटीला कराराची प्रत द्या. त्यांना बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

आणि मिळकतकराचे बिल आत्ताच एकदा पाहा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका 40 टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. बिलावर अजून ती सवलत दिसत असेल तर अर्जाला बिल जोडण्यापूर्वी वकिलांना दाखवा. पुढे मुलगी किंवा तुम्ही स्वतः तिथे राहायला गेलात, तर पीटी-3 अर्ज पुराव्यांसह महापालिकेच्या करआकारणी विभागात भरून ती मागून घ्या.